छाट विडीची तक्रार ऐकली जात होती, बंद आयडीची कोण ऐकणार? कामगार मंत्र्यांना सोलापुरातून खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि सोलापूर जिल्ह्यातील अकराही विधानसभा मतदारसंघांचे सन्माननीय आमदार

विषय : ॲपवरील डिलिव्हरी कामगारांचा आयडी (ॲपमधले कामाचे खाते) बंद करण्यापूर्वी त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची सोय होण्याबाबत

महोदय,

मी सोलापूरच्या पूर्वभागात राहतो आणि गेली पाच वर्षे मोबाईलवरील ॲपमधून मिळणाऱ्या ऑर्डरी दुचाकीवरून घरोघरी पोहोचवण्याचे काम करतो. पहिली तीन वर्षे जेवणाच्या ऑर्डरी केल्या, पुढे किराणा आणि औषधांच्या करू लागलो. आम्हांला कंपन्या ‘पार्टनर’ म्हणतात, हॉटेलवाले ‘रायडर’ म्हणतात आणि इमारतींचे वॉचमन ‘ओ डिलिव्हरी’ अशी हाक मारतात. या पत्रात मी स्वतःला कामगार म्हणणार आहे, कारण माझी आई तेच म्हणते आणि या बाबतीत तिला माझ्यापेक्षा जास्त कळते. ते का, हे पुढे येईलच.

दरवाढीची मागणी करणारी निवेदने आपल्याकडे पुष्कळ येत असतील. दराचा प्रश्न आमचाही आहे आणि त्याविषयी मी लिहिणार आहे. परंतु हे पत्र मुख्यत्वे एका वेगळ्या, दिसायला लहान गोष्टीसाठी आहे. आमचे काम एका क्षणात बंद होते. ते का बंद झाले हे सांगणारा आणि आमची बाजू ऐकून घेणारा माणूस सोलापुरात तर नाहीच, पण तो नेमका कुठे बसतो, हेही आम्हांला ठाऊक नसते.

गेल्या पावसाळ्यात शेळगीत राहणाऱ्या माझ्या एका मित्राचा आयडी असाच बंद झाला. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण माझा वाद एका कंपनीशी नाही. होटगी रोडवरील एका इमारतीत त्याने रात्री सव्वाआठला ऑर्डर पोहोचवली. लिफ्ट बंद होती, ग्राहक फोनवर ‘वॉचमनकडे ठेवा’ म्हणाले, म्हणून त्याने पिशवी वॉचमनच्या टेबलावर ठेवली, ॲपमध्ये फोटो काढला आणि तो निघाला. पुढे त्याच ऑर्डरीबद्दल ‘मिळाली नाही’ अशी तक्रार नोंदली गेली असावी, असा आमचा अंदाज आहे. पिशवी दुसऱ्याच कुणी उचलली असेल, वॉचमनची पाळी बदलली असेल. ग्राहक खोटे बोलले असे मी म्हणत नाही. साडेनऊच्या सुमारास आम्ही दोघे सात रस्त्याजवळ एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो होतो, तेव्हा त्याच्या मोबाईलचा पडदा राखाडी झाला आणि वर इंग्रजीत दोन ओळी आल्या. नियमभंगामुळे खाते कायमचे बंद करण्यात येत आहे, एवढाच त्यांचा अर्थ होता. कोणता नियम आणि कोणती ऑर्डर, याचा उल्लेख नव्हता. त्याने मदतीच्या चॅटवर आधी मराठीत लिहिले, मग हिंदीत, शेवटी माझ्याकडून इंग्रजीत लिहून घेतले. तिन्ही वेळा एकाच साच्यातले उत्तर आले आणि त्याखाली पाच चांदण्या उमटल्या : आमच्या सेवेला किती गुण द्याल? पुरावा म्हणून काढलेला फोटो ॲपमध्येच होता, त्यामुळे ॲपबरोबर तोही गेला. चार दिवसांची कमाई अडकलेली, गाडीचा हप्ता पाच तारखेला, आणि पाठीवरची कंपनीची बॅग अजून तशीच. ‘कुणाकडं जायचं रे आता?’ असे त्याने मला विचारले. मी त्या वेळी काही बोललो नाही, कारण मला खरोखरच सुचले नाही.

घरी येऊन मी हे आईला सांगितले. आमच्या घरात तेलुगू बोलतात. ती जे म्हणाली त्याचे मराठी असे होईल : ‘म्हणजे तुमच्या कामातही छाट निघते म्हणायची.’

छाट म्हणजे काय हे सोलापूरकरांना सांगावे लागत नाही, पण हे पत्र मुंबईत वाचले जाणार असल्यामुळे लिहितो. माझ्या आईने तेवीस वर्षे विड्या वळल्या. कारखान्यातून तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा मोजून आणायचा, पाने रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याच्या मापाने कापायची आणि मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळत बसायचे. मजुरी हजारावर मिळे. संध्याकाळी माल घेऊन गेले की तपासणारा माणूस कट्ट्यांतून हात फिरवी आणि पसंत न पडलेल्या विड्या बाजूला टाकी. ती छाट. छाटीची मजुरी नाही, आणि त्या विड्या परतही मिळत नसत. तपासणाऱ्याचा हात त्या दिवशी जड आहे की हलका, यावर आमच्या घरातली भाजी ठरत असे. मी पाचवी-सहावीत असताना तिच्याबरोबर जायचो. बायका त्या माणसाच्या तोंडाकडे पाहत नसत, हाताकडे पाहत असत. आज आम्ही रायडर मोबाईलकडे तसेच पाहतो.

या दोन छाटींत मात्र एक फरक आहे. विडी आणि सिगार कामगारांसाठी संसदेने १९६६ साली स्वतंत्र कायदा केला. त्यात घरी बसून विड्या वळणारी स्त्रीही कामगार ठरली. कारखानदारांनी तेव्हा असे म्हणणे मांडले होते की या बायका आपल्या घरी, आपल्या सवडीने काम करतात, त्यांच्यावर आमची देखरेख नाही, मग त्या आमच्या कामगार कशा? हे वाक्य आज आम्हांला ऐकवले जाते तेव्हा ते नवे असल्यासारखे ऐकवले जाते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७४ मध्ये न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमात लिहिले होते की कच्च्या मालाचे वाटप, नापसंत केलेल्या विड्या आणि त्यांची मजुरी यांवरून वाद झाला, तर राज्य सरकारने नेमलेला अधिकारी तो थोडक्यात चौकशी करून मिटवील. म्हणजे अशिक्षित स्त्रीच्या मूठभर विड्या कुणी बाजूला टाकल्या, तरी त्या का टाकल्या हे विचारण्याची जागा सरकारने कागदावर का होईना, तयार केली होती.

‘कागदावर का होईना’ हे मी जाणूनबुजून लिहिले. आईच्या काळात सगळे सुरळीत होते असे सांगून मी आपली फसवणूक करणार नाही. छाट निघतच राहिली, आणि अधिकाऱ्यापर्यंत जाणारी बाई शंभरात एखादीच असे. पण ती एक बाई जाऊ शकते, हे तपासणाऱ्याला माहीत होते. युनियनच्या कचेरीत जाऊन भांडता येत होते, कारण भांडणाला कायद्यात नाव होते. शिवाय १९७६ च्या कायद्यान्वये विडीवर उपकर बसला आणि त्यातून दवाखाने व मुलांच्या शिष्यवृत्त्या चालल्या. माझ्या आठवीच्या वह्या आणि गणवेश त्याच शिष्यवृत्तीतून आले. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तो उपकर संपला, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.

आता आमच्याविषयी कायदा काय म्हणतो ते पाहू. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये ‘गिग कामगार’ (नेहमीच्या नोकरीबाहेर कामागणिक मोबदल्यावर काम करणारे) आणि ‘प्लॅटफॉर्म कामगार’ (ॲपसारख्या ऑनलाइन मंचावरून काम मिळणारे) या शब्दांची व्याख्या प्रथमच झाली आणि चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम आमच्या सामाजिक सुरक्षा निधीत भरावी, मात्र ती आम्हांला दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावी, अशी तरतूद त्यात आहे. त्यातून अपघात, आरोग्य, मातृत्व आणि म्हातारपण यांसाठी योजना करता येतील. हे चांगलेच आहे आणि त्याबद्दल मी तक्रार करणार नाही. १ फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आमच्यासाठी ओळखपत्र, ई-श्रम पोर्टलवर नोंदणी आणि आरोग्य विम्याची घोषणा झाली, तेव्हा आम्ही काही जणांनी अशोक चौकातल्या एका सेवा केंद्रात रांग लावून नोंदणी करून घेतली.

परंतु चार संहितांपैकी या एकाच संहितेत आम्ही आहोत. वेतन संहितेत नाही, म्हणून किमान वेतन आम्हांला लागू नाही. औद्योगिक संबंध संहितेत नाही, म्हणून कामावरून काढण्याचे नियम आमच्यासाठी नाहीत. मी म्हातारा झाल्यावर किंवा गाडीखाली सापडल्यावर काय करायचे याचा विचार कायद्याने केला आहे. मी धडधाकट असताना मंगळवारी रात्री साडेनऊला माझे काम कुणी काढून घेतले तर काय, याचा केलेला नाही. कायद्यातच जागा नसल्यावर कामगार कार्यालयातील अधिकाऱ्याने तरी आमचा अर्ज कोणत्या फायलीत लावायचा?

‘तुम्ही पार्टनर आहात, आपल्या मर्जीने लॉगिन करता’ या म्हणण्याला मी एका दिवसाच्या हिशेबाने उत्तर देतो. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी सकाळी अकरा ते रात्री साडेदहा ॲपवर होतो. एकोणीस ऑर्डरी झाल्या आणि ८१२ रुपये जमले. पेट्रोलला २३० गेले. चहा, नाष्टा आणि दुपारची भाकरी-भाजी मिळून नव्वद. टायर, ऑइल आणि सर्व्हिसिंगसाठी मी रोज पन्नास रुपये बाजूला काढतो, कारण एमएच १३ ची माझी गाडी आता आठ वर्षांची झाली आहे. हातात उरले ४४२ रुपये. त्या दिवशी एक ऑर्डर पार्क चौकातून शेळगीला होती. जाण्याचे पैसे मिळाले. येण्याचे मिळत नाहीत, कारण ॲपच्या दृष्टीने मी शेळगीत पोहोचलो की नाहीसा होतो आणि पुढच्या ऑर्डरीच्या वेळी पुन्हा पार्क चौकात उगवतो. एका हॉटेलात चोवीस मिनिटे उभा होतो, त्याचे काहीच नाही. सगळ्यांत न कळणारी गोष्ट अशी की तेच हॉटेल, तीच गल्ली आणि तेच अंतर असताना बुधवारी जो आकडा दिसतो तो शुक्रवारी दिसत नाही. कमी का झाला, किंवा कधीकधी जास्त का झाला, हे पाहण्याची सोय नाही. भागीदारीच्या धंद्यात वही निदान दोन्ही भागीदारांना उघडून पाहता येते.

मर्जीबद्दलही एक खुलासा करतो. ऑर्डर नाकारता येते, हे खरे आहे. दोन-चार नाकारल्या की पुढचा तास-दीड तास मोबाईल गप्प बसतो, हेही खरे आहे. त्या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध आहे असे कुणी आम्हांला सांगितलेले नाही आणि नाही असेही कुणी सांगितलेले नाही. आम्ही आपले अंदाज बांधतो. पूर्वभागातली आमची मुले चहाच्या गाड्यावर या अंदाजांवर जेवढी चर्चा करतात तेवढी क्रिकेटवरही करत नाहीत. अमक्या चौकात उभे राहिले की ऑर्डर लवकर पडते, बॅटरी पंधरा टक्क्यांखाली गेली की पडत नाही, रविवारी सुट्टी घेतली की सोमवार वाईट जातो. यातले किती खरे आहे, देव जाणे. कामाचे नियम कामगाराला ज्योतिषासारखे ताडावे लागणे बरोबर नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

यंत्राला आमचे गाव माहीत नाही, याचा अनुभव दरवर्षी जानेवारीत येतो. सिद्धेश्वर महाराजांच्या गड्ड्याच्या यात्रेत, संक्रांतीच्या सुमारास, सात नंदीध्वज, म्हणजे खांद्यावर पेललेल्या उंच सजवलेल्या काठ्या, निघतात आणि शहराभोवतीच्या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा होते. त्या दिवशी जुन्या गावातले रस्ते सकाळपासून माणसांनी भरलेले असतात, आणि ते तसेच असले पाहिजेत. ती आमचीही यात्रा आहे. परंतु ॲपमधला नकाशा त्याच रस्त्यावर निळी रेघ ओढतो आणि त्यावर ‘अकरा मिनिटे’ असे लिहितो. यंदा मी टिळक चौकाच्या अलीकडे गाडी बंद करून उभा होतो, समोरून नंदीध्वज डुलत येत होते, बाराबंदी घातलेली मंडळी ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ म्हणत होती, मीही हात जोडले, आणि खिशात मोबाईल सांगत होता की मला उशीर होत आहे. त्या आठवड्यात माझे रेटिंग घसरले. ‘उशिराचे कारण’ म्हणून जी यादी येते तिच्यात टायर पंक्चर आहे, पाऊस आहे, ग्राहक फोन उचलत नाही हेही आहे. नंदीध्वज नाही. हे हसण्यावारी नेता येईल आणि आम्हीही हसलो. पण सोलापुरात बसलेला एक माणूस जरी या कामाला जबाबदार असता, तरी त्याने त्या दिवसाचे रेटिंग धरू नका म्हणून सांगितले असते. नाहीतर त्याची बायकोच त्याला बोलली असती.

वेळेवरून आठवले. ‘दहा मिनिटांत घरपोच’ या जाहिरातींविरुद्ध डिसेंबर २०२५ मध्ये देशभरातील रायडरांनी संप केला आणि जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय कामगार मंत्र्यांनी लक्ष घातल्यावर कंपन्यांनी ते शब्द जाहिरातींतून काढायला सुरुवात केली. सरकारने मनावर घेतले तर कंपन्या ऐकतात, हे त्यातून दिसले. शब्द भिंतीवरून गेला. आमच्या मोबाईलमधले घड्याळ मात्र चालूच आहे.

उन्हाळ्याविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यावर सर्वांचे एकमत होते आणि पुढे काही होत नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चव्वेचाळीस अंशांच्या आसपास जातो. दुपारी दोनला सीटवर ओला टॉवेल टाकल्याशिवाय बसता येत नाही आणि तो टॉवेल जुळे सोलापूरला पोहोचेपर्यंत वाळतो. माणसे बाहेर पडत नाहीत म्हणूनच आमच्या ऑर्डरी वाढतात, तेव्हा उन्हाची तक्रार मी कोणत्या तोंडाने करू? फक्त उभे राहायला सावली, प्यायला पाणी आणि लघवीला जागा शहरात पाच-सहा ठिकाणी मिळाली तर पुरे. या कामात स्त्रिया एवढ्या कमी का, या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या शेवटच्या गोष्टीत आहे.

महोदय, ज्याचा मालक कोण हे ठरवता येत नाही अशा कामगारासाठी कायदा करायचा कसा, असा प्रश्न आपल्या खात्यातील तज्ज्ञ विचारतील. महाराष्ट्राने या प्रश्नाचे उत्तर १९६९ सालीच देऊन ठेवले आहे. बाजारात पोती वाहणारा हमाल सकाळी एका व्यापाऱ्याचा माल उतरवतो, दुपारी दुसऱ्याचा. एकही व्यापारी त्याचा मालक नसतो आणि सगळ्यांचे काम त्याच्या पाठीवर चालते. त्याच्यासाठी महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम झाला. व्यापारी आणि कामगार या दोघांचीही नोंदणी मंडळाकडे करायची, मजुरी मंडळात भरायची, तिच्यावर लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जादा रक्कम, घ्यायची आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस द्यायचे, अशी ती रचना आहे. त्यामागे माथाडींची मोठी चळवळ होती आणि अण्णासाहेब पाटलांचे नाव त्या चळवळीशी कायमचे जोडले गेले आहे. कांद्याच्या हंगामात सोलापूरच्या बाजार समितीत जाऊन पाहावे. गोणी उचलणारा हमाल आणि बॅग उचलणारा मी, यांच्या कामात तसा फार फरक नाही. त्याच्या ओझ्याचे वजन जास्त आहे आणि माझ्या ओझ्याला घड्याळ बांधलेले आहे. माथाडी मंडळांच्या कारभाराविषयी पुष्कळ टीका होते आणि तीही आपल्यासमोर असेल. तरी, ज्याला एक मालक नाही त्याला संरक्षण देता येत नाही, असे निदान महाराष्ट्रात कुणी म्हणू नये.

इतर राज्यांनी काय केले हेही आपल्याला माहीत आहे. राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी देशातला पहिला कायदा केला. कर्नाटकाने २०२५ मध्ये केला, आणि माझ्या या पत्राच्या विषयावर त्याचे पाऊल पुढचे आहे : लेखी कारण आणि चौदा दिवसांची पूर्वसूचना दिल्याशिवाय कामगाराचे काम बंद करता येणार नाही, तक्रारीसाठी यंत्रणा ठेवावी लागेल, आणि काम व दर ठरवणारी स्वयंचलित पद्धत कशी चालते ते कामगाराला कळेल अशा भाषेत सांगावे लागेल. आम्हां सोलापूरकरांना हे फार जवळून दिसते. विजापूर रोडने निघावे, टाकळीच्या पुलावरून भीमा ओलांडावी, की कर्नाटक लागले. माझा मावसभाऊ विजापुरात हेच काम करतो. त्याच्या राज्याच्या कायद्यात त्याला चौदा दिवस मिळतात, मला पडदा राखाडी होण्याइतका वेळ मिळतो. भीमेच्या अलीकडचा आणि पलीकडचा रायडर यांच्यात एवढे अंतर का असावे, हे त्याला मी समजावून सांगू शकलेलो नाही. आपल्या राज्यात स्वतंत्र कायद्याची चर्चा आम्ही बरेच दिवस ऐकत आहोत.

आमच्यात याबाबत एकमत आहे असे मात्र समजू नये. कायदा आला की बांधिलकी येईल, हजेरी येईल आणि दुसऱ्या ॲपवर काम करता येणार नाही, म्हणून नको म्हणणारे माझे सोबती आहेत. दिवसा कॉलेज करून संध्याकाळी चार तास चालवणाऱ्या मुलांना सुटसुटीतपणाच हवा आहे. यंत्रमागाची पाळी बंद पडल्यावर ज्यांना इकडे येणे सोपे गेले, ते म्हणतात की शिफारस नाही, ओळख नाही, लायसन्स आणि गाडी असली की चौथ्या दिवशी पैसे सुरू; असे काम या गावात दुसरे कोणते आहे? त्यांचे म्हणणे खोटे नाही. हे काम नसते तर मीही कदाचित पुण्याला गेलो असतो, जशी आमच्या गल्लीतली निम्मी मुले गेली. म्हणूनच काम बंद पाडणारा कायदा मी मागत नाही. सुटसुटीतपणा राहू द्यावा. पण ‘केव्हाही या’ याचा अर्थ ‘केव्हाही घालवू’ असा होऊ नये. लबाडी करणारे रायडर आहेत, ऑर्डरीतले खाणारेही आहेत, आणि त्यांचा आयडी बंद झाला तर मला वाईट वाटणार नाही. त्यांचीही बाजू एकदा ऐकावी, एवढेच. चोरालाही न्यायालयात उभे करतात.

तेव्हा मागणे असे आहे. महाराष्ट्राचा कायदा होईल तेव्हा त्यात आयडी बंद करण्याचे लेखी कारण मराठीत देण्याची सक्ती असावी, आणि वाद चालू असेपर्यंत कामगाराची जमा कमाई अडकवून ठेवता येऊ नये. त्याच्या ऑर्डरी, फोटो आणि हिशेब यांची नोंद आयडी बंद झाल्यावरही त्याला मिळावी, कारण त्याच्याकडे दुसरा पुरावा नसतो. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयातील एका अधिकाऱ्याला, विडी कायद्याच्या ३९ व्या कलमात होते तसे, थोडक्यात चौकशी करून निर्णय देण्याचा अधिकार असावा, आणि कंपनीच्या वतीने उत्तर देणारा नाव-पत्ता असलेला एक माणूस जिल्ह्यात असावा. लेव्ही, विमा आणि दर हे विषय मोठे आहेत. त्यांना वेळ लागेल हे आम्ही समजू शकतो. हा एक विषय लहान आहे आणि याला सरकारी तिजोरीतून फारसे काही द्यावे लागत नाही. कायद्याला वर्ष लागणार असेल, तर तोपर्यंत आपण कंपन्यांना बैठकीला बोलावून एवढे मान्य करून घेऊ शकता. जाहिरातीतले शब्द तसेच गेले होते.

माझा मित्र आता दुसऱ्या ॲपवर आहे. जुन्या कंपनीची बॅग त्याच्या आईने धान्य ठेवायला घेतली आहे. अडकलेले पैसे त्याला मिळालेले नाहीत आणि आपण ती ऑर्डर खरोखर दिली होती, हे कुणाला तरी एकदा सांगावे, असे त्याला अजून वाटते.

आपण किंवा आपल्यापैकी कुणी आमदार महोदय सोलापुरात आम्हांला भेटणार असाल, तर दुपारी साडेतीन ते साडेपाच ही वेळ ठेवावी, ही विनंती. त्या दोन तासांत ऑर्डरी कमी असतात आणि कुणाचाही दिवस बुडणार नाही. चाळीस-पन्नास जण येऊ. दुचाक्या लावायला जागा असेल असे ठिकाण पाहावे.

आपला,
एक डिलिव्हरी कामगार
पूर्वभाग, सोलापूर